अर्धा इंच म्हणजे नक्की किती? वेगवेगळ्या पाइपांचे सांधे आणि शॉवरची बारीक धार

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच घराबद्दल बोलतोय याची खात्री होईल. साताऱ्याजवळचं घर, 1990 च्या आसपास वडिलांनी बांधलेलं. भिंतीतली सगळी लाईन अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. मध्यंतरी नळकनेक्शन बदललं तेव्हा रस्त्यापासून अंगणापर्यंत काळा एचडीपीई (पॉलिथिनचा पाइप) आला. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप पांढरा यूपीव्हीसी (साधं कडक पीव्हीसी), एक इंची. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर नवीन बाथरूम केलं, त्यात क्रीम रंगाचा सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं पीव्हीसी), अर्धा इंची. सिंकखाली भिंतीतून आलेल्या जीआयला पुढे सीपीव्हीसी जोडलाय, तो सांधा तीनदा गळला. दर वेळी प्लंबर 'आता भारी सोल्युशन आणलंय' म्हणून ते पाइप जोडायचं रसायन लावून गेला. आणि नवीन शॉवरची धार इतकी बारीक की बादलीनेच आंघोळ बरी.

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय. तुमच्या घरासारखी 'चार पिढ्यांचे पाइप एका छपराखाली' अशी घरं आठवड्याला एक तरी येते. सिंकखालच्या सांध्याबद्दल एवढंच सांगतो, की तो सोल्युशनमुळे गळत नाहीये. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय.

तुम्ही लिहिलंय की फिटिंगला उभी चीर गेली होती. ही चीर फार बोलकी आहे. सोल्युशनचा सांधा कच्चा राहिला तर पाणी पाइपाच्या कडेने, गोलाकार पाझरतं, फिटिंग फुटत नाही. उभी चीर म्हणजे आतून कुणीतरी फिटिंग फाकवली. भिंतीतून जीआयचा निपल, म्हणजे बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा, बाहेर आलाय. त्यावर प्लंबरने आतले आटे असलेली साधी प्लास्टिकची फिटिंग, म्हणजे एफटीए, पिळून बसवली. जीआयचे आटे सरळ नसतात, निमुळते असतात. जसजसं पिळाल तसतशी ती पाचर आत शिरते. लोखंडी सॉकेटला (ज्याच्या आत पाइप शिरतो त्या जोडाला) ती पाचर हवीच असते, त्यानेच सांधा घट्ट होतो. प्लास्टिकला मात्र ती रोज, चोवीस तास फाकवत राहते. बसवल्या दिवशी काही होत नाही. महिन्याने, चार महिन्यांनी, पंप सुरू होताना एक धक्का बसतो आणि फिटिंग उभी उकलते. मग प्लंबर पुन्हा येतो, या वेळी भीतीपोटी टेपचे जास्त वेढे देतो, जास्त जोर लावतो. पाचर आणखी जाड होते. दुसरी फिटिंग पहिलीपेक्षा लवकर जाते. तुमचा तिसरा सांधा सगळ्यात कमी टिकला, त्याचं कारण हेच.

म्हणून या धंद्यातला एक नियम लक्षात ठेवा: प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निपल पिळायचा नाही. उलटं चालतं. लोखंडाच्या किंवा पितळेच्या आतल्या आट्यांत प्लास्टिकचे बाहेरचे आटे गेले तर लोखंड प्लास्टिकला दाबतं, आणि दाब प्लास्टिक सहन करतं. ताण सहन करत नाही. त्याहून चांगलं म्हणजे पितळी आटे असलेली सीपीव्हीसी फिटिंग. दुकानात 'ब्रास एमटीए' किंवा 'ब्रास एफटीए' मागा. एमटीए म्हणजे बाहेर आटे, एफटीए म्हणजे आत आटे. तिच्यात आटे पितळेचे, आणि सोल्युशन लावायची बाजू सीपीव्हीसीची. साध्या फिटिंगपेक्षा महाग असते म्हणून कुरकुर होते, पण तुम्ही प्लंबरला तीन वेळा मजुरी दिली आहे.

तुमच्या सिंकखाली मी असं करेन: भिंतीतल्या जीआय निपलवर जीआय युनियन. युनियनच्या दोन्ही बाजूंना आतले आटे असतात. दुसऱ्या बाजूला सीपीव्हीसीचा ब्रास एमटीए, आणि त्याच्या पुढे सोल्युशनने पाइप. युनियन का? उद्या काही बदलायचं झालं तर पाइप न कापता मधलं नट सोडवता यावं म्हणून. सिंकखाली जागा आहे, दिसतंय, हात पोचतो, तिथे युनियन द्यावीच. भिंतीत मात्र युनियन कधीच गाडू नये, कारण ती आट्यांच्या घट्टपणावर नाही, दोन तोंडांच्या एकमेकांना टेकण्यावर पाणी अडवते, आणि ते टेकणं कधी ना कधी ढिलं होतं.

आता सोल्युशनबद्दल. बहुतेकांना वाटतं तो डिंक आहे. तसं नाही. सोल्युशन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, दोन्ही पृष्ठभाग मऊ होतात, एकमेकांत मिसळतात, मग त्यातला द्रव उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. म्हणजे जे विरघळतं तेच जुळतं. सीपीव्हीसी सीपीव्हीसीला, त्याचं स्वतःचं सोल्युशन लावून. यूपीव्हीसी यूपीव्हीसीला, त्याचं वेगळं. जीआयवर सोल्युशन म्हणजे लोखंडाला लावलेली लाळ. एचडीपीईवरही ते चालत नाही, कारण पॉलिथिन त्यात विरघळतच नाही. बाथरूमचं काम उरकल्यावर उरलेल्या डब्यात काळ्या पाइपाचं टोक बुडवून सांधा केलेला मी पाहिलाय. दोन दिवस टिकला, तेही तेव्हा नगरपालिकेचं पाणी आलं नव्हतं म्हणून. हिरवा पीपीआर पाइपही सोल्युशनने जोडत नाहीत. तो सुमारे 260 अंशांच्या तापलेल्या साच्यावर वितळवून जोडतात. तुमच्याकडे पीपीआर नाही, ते बरंय.

मग वेगवेगळ्या जातीचे पाइप जोडायचे कशाने? आट्यांनी, किंवा दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेशन फिटिंगने. तिसरा चांगला मार्ग नाही. चौथा मार्ग खेडोपाडी सर्रास चालतो: पीव्हीसीचं टोक स्टोव्हवर तापवायचं, मऊ झालं की जीआयवर ठोकून बसवायचं आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. शेतात, पाटाच्या पाण्यासाठी, दाब नसताना ते चालून जातं. घरात नको. तापवलेलं टोक कायमचं अशक्त होतं आणि उन्हा-थंडीने सैल पडतं.

आता मापं. शॉवरचं उत्तर इथेच आहे.

आपण 'अर्धा इंची' म्हणतो तेव्हा चार वेगळ्या गोष्टी बोलतो. जीआयचं नाव त्याच्या पोटावरून पडलं, म्हणजे आतल्या भोकावरून, तेही ढोबळ. अर्धा इंची मध्यम वर्गाचा जीआय, ज्याला निळा पट्टा असतो, तो बाहेरून 21.3 मिमी आणि आतून 16 मिमीच्या आसपास. सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापाने चालतो. त्याचा बाहेरचा व्यास नावापेक्षा बरोबर एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त. अर्धा इंच म्हणजे नावाने चार सूत, अंगाने पाच सूत, 15.9 मिमी. पाऊण इंची नावाने सहा सूत, अंगाने सात सूत, 22.2 मिमी. एक इंची नऊ सूत, 28.6 मिमी. पांढरा यूपीव्हीसी, ज्यावर शेड्यूल 40 किंवा 80 (जाडीचा वर्ग) छापलेलं असतं, तो बाहेरून जीआयच्या मापाचा: अर्धा इंच 21.3, पाऊण 26.7, एक इंच 33.4. आणि काळा एचडीपीई सरळ बाहेरच्या मिलिमीटरवर विकला जातो: 20, 25, 32. शेतीचा करडा पीव्हीसीही तसाच, 20, 25, 32. म्हणून शेतातून उरलेला 20 मिमीचा तुकडा घरच्या पांढऱ्या अर्धा इंची कपलरमध्ये डुगडुगतो. सव्वा मिलिमीटरचा फरक आहे. काहीजण ती फट सोल्युशन ओतून भरतात. सोल्युशन फट भरत नाही, आक्रसतं.

घरी व्यास मोजायचा व्हर्नियर नसतो. साधा दोरा घ्या, पाइपाला एक वेढा घाला, खूण करा, सरळ करून मोजा. अर्धा इंची सीपीव्हीसीचा घेर 50 मिमी भरेल. 20 मिमी एचडीपीईचा 63. अर्धा इंची जीआय किंवा पांढऱ्या यूपीव्हीसीचा 67. पाऊण इंची सीपीव्हीसीचा 70. शेवटचे दोन नीट बघा, 67 आणि 70. डोळ्याला सारखेच दिसतात. पाऊण इंची सीपीव्हीसी कानसीने घासून अर्धा इंची यूपीव्हीसीच्या सॉकेटमध्ये बसवलेला मी स्वतः काढलाय. ज्याने बसवला त्याच्या चिकाटीला दाद द्यावी लागेल.

आता वरचे आकडे पुन्हा वाचा. अर्धा इंची सीपीव्हीसी बाहेरून 15.9. अर्धा इंची जीआय आतून साधारण 16. म्हणजे सीपीव्हीसीचा अख्खा अर्धा इंच जीआयच्या अर्ध्या इंचाच्या पोटात जवळजवळ मावतो! आणि सीपीव्हीसीचं स्वतःचं पोट, जाड एसडीआर 11 (एसडीआर म्हणजे व्यास भागिले जाडी) घेतला तर, जेमतेम साडेबारा मिमी. क्षेत्रफळ काढलं तर जीआयच्या 60 टक्के. घर्षण धरलं तर तेवढ्याच दाबाला पाणी निम्म्याच्या आसपास येतं. भिंतीतला तीस-पस्तीस वर्षांचा जीआय गंजून आतून अरुंद झालेला असतो, त्यामुळे तिथे हा फरक कळत नाही. पण नवीन बाथरूममध्ये 'जुन्या घरात अर्धा इंची होता म्हणून इथेही अर्धा इंची' असा हिशेब केला असेल तर तो चुकला. सीपीव्हीसी टाकताना नेहमी एक पायरी वर जायचं. जिथे जीआय अर्धा होता तिथे पाऊण, आणि अर्धा फक्त शेवटच्या नळाच्या तोंडाशी.

तुमच्या शॉवरला दुसरंही दुखणं आहे. तो वरच्या मजल्यावर आहे, टाकी बरोबर त्याच्या डोक्यावर. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब. शॉवर जमिनीपासून सात फुटांवर, छत दहा फुटांवर, वर स्लॅब, त्यावर दोन फुटांचा टाकीचा ओटा. गोळाबेरीज केली तर टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत दीड-पावणेदोन मीटर. टाकी अर्धी भरलेली असली तर आणखी अर्धा मीटर. म्हणजे दाब 0.2 किलोच्या आसपास. खालच्या मजल्यावर आणखी 3 मीटर मिळतात, म्हणून खालची तोटी जोरात आणि वरचा शॉवर रडतो. एवढ्याशा दाबाला बारीक पाइप, चार एल्बो आणि मोठ्या गोल शॉवरची शंभर भोकं परवडत नाहीत. ते शॉवर प्रेशर पंप असलेल्या घरांसाठी असतात. आधी शॉवर काढून नुसत्या पाइपाखाली बादली धरा. धार बरी असेल तर शॉवर बदला. तीही बारीक असेल तर टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची, बाथरूममध्ये पाऊण, असा पाइप बदलावा लागेल. टाकी चार फूट उचलणं हाही उपाय आहे, पण गच्चीवर नवीन ओटा म्हणजे आधी स्लॅबचा विचार.

एक गोष्ट गच्चीवर जाऊन नक्की पाहा. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून चढून पुन्हा खाली आलाय का? अशी उलटी यू-सारखी कमान असेल तर तिच्या माथ्यावर हवा साचते आणि एवढा कमी दाब तिला ढकलू शकत नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली की दोन दिवस शॉवर बंद, असं होत असेल तर कारण हेच. कमानीच्या माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्धा इंची उभी नळी टाकीच्या पाण्यापेक्षा उंच न्या, वरचं तोंड उघडं आणि खाली वाकवलेलं ठेवा. हवा आपोआप निघून जाते.

आता तुमच्या गच्चीवरच्या एक इंची यूपीव्हीसीपासून पाऊण इंची सीपीव्हीसीकडे कसं जायचं. माझा नियम असा की एका जागी एकच बदल. आधी यूपीव्हीसीतच एक इंचाचा पाऊण इंच करा, यूपीव्हीसीच्या रिड्यूसरने, यूपीव्हीसीच्याच सोल्युशनने. मग पाऊण इंची यूपीव्हीसीचा ब्रास एफटीए, त्यात पाऊण इंची सीपीव्हीसीचा एमटीए. आटे दोन्हीकडे सारखेच असतात, पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच. पाइपाची बाहेरची मापं जुळत नाहीत, पण आटे सगळ्यांचे एकाच मापाचे, म्हणूनच आट्यांवरून जात बदलता येते. माप आणि जात एकाच फिटिंगमध्ये बदलणारे तुकडेही मिळतात. मिळाला तर वापरा, पण त्यासाठी दुकानं पालथी घालू नका.

अंगणात एचडीपीई आणि जीआय जिथे भेटतात तिथे कॉम्प्रेशनचा मेल अडॅप्टर, 20 मिमी बाय अर्धा इंच. एका बाजूला आटे, ते जीआयच्या सॉकेटमध्ये. दुसऱ्या बाजूला मोठं नट, आत दाते असलेली, एका जागी चिरलेली रिंग आणि रबराची ओ-रिंग. पाइप काटकोनात कापा, कडेची धार चाकूने मोडा, नाहीतर ती ओ-रिंग कापते. साबणाचं पाणी लावा आणि पाइप ओ-रिंगच्या पलीकडे, थांबेपर्यंत आत ढकला. मी पाहिलेल्या गळणाऱ्या सांध्यांपैकी नव्वद टक्क्यांत पाइप ओ-रिंगपर्यंतच गेलेला असतो. फिटिंग बाहेर धरून आधी खूण करा, म्हणजे किती आत गेला ते कळेल. हा सांधा मातीत पुरला तरी चालतो, पण वर एक फरशी ठेवा आणि जागा लक्षात ठेवा. जिथे दिवसातून तास-दोन तासच पाणी येतं तिथे हा सांधा कोरडा, घट्ट असणं विशेष गरजेचं. पाणी बंद झालं की लाईनमध्ये पोकळी होते आणि जो सांधा पाणी असताना थेंब बाहेर टाकतो, तोच नसताना चिखल आत ओढतो. पिण्याच्या पाण्याला मातीचा वास येतो तेव्हा आधी असे सांधे शोधा.

हीच गोष्ट पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला. सक्शनच्या बाजूचा आट्यांचा सांधा पाणी गळत नाही म्हणून चांगला, असं समजू नका. तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि पंप दर चार दिवसांनी पाणी ओढायचं बंद करतो. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीही करू नका. बारीक करायचंच असेल तर पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूला.

टेपचं सांगतो. टेफ्लॉन टेप पाइपाच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, नाहीतर पिळताना तो सुटून बाहेर येतो. आपल्याकडचा पातळ टेप लोखंडाच्या आट्यांवर आठ-दहा वेढे लागतो, प्लास्टिकच्या आट्यांवर त्याच्या निम्मा. हाताने बसेल तेवढं बसवा, मग पान्ह्याने एक ते दोन वेढे, बस. जुने मिस्त्री आट्यांना ताग आणि सफेदा (पांढरा लेप) लावतात. लोखंड-लोखंडाला ताग आजही उत्तम, पण पूर्वीच्या सफेद्यात शिसं असायचं, पिण्याच्या लाईनला तो नको. आणि सीपीव्हीसीच्या आसपास सफेदा, ग्रीस, ऑइलपेंट, खोबरेल किंवा गोडेतेल काहीच नको. आटे सहज बसावेत म्हणून तेलाचं बोट लावायची सवय आहे आपल्याकडे. काही तेलं सीपीव्हीसीला हळूहळू तडे पाडतात. ताण असलेल्या जागी, म्हणजे बरोबर सांध्यावर. विजेच्या मऊ पीव्हीसी वायरी सीपीव्हीसीला बांधून नेणं हेही त्याच कारणाने वाईट. वायरीला मऊ ठेवणारं तेल पाइपात उतरतं.

सोल्युशनच्या सांध्यात घाई नको, एवढंच मुख्य. पाइप काटकोनात कापा, कडेचा भुगा काढा, कोरड्या फडक्याने पुसा. कोरडाच फिटिंगमध्ये घालून पाहा. तो निम्मा-पाऊण आत जाऊन अडला पाहिजे. सरसर तळापर्यंत गेला तर फिटिंग सैल आहे, परत करा. पाइपाला भरपूर, सॉकेटला पातळ थर, आत ढकलताना पाव वेढा फिरवा, अर्धा मिनिट दाबून धरा, कारण मऊ झालेला सांधा पाइपाला परत बाहेर ढकलतो. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं घट्ट झालं असेल तर फेकून द्या, थिनर घालून पातळ करू नका. तुमच्या सिंकखाली आधी आट्यांचा सांधा घट्ट करा, सोल्युशनचा नंतर. उलटं केलं तर ओला सांधा पान्ह्याबरोबर पिळला जातो. पाणी सोडायला दुसरा दिवस उजाडू द्या.

जुन्या लाईनीचा कॉक पूर्ण बसत नाही आणि थेंब येतच राहतो, हा सगळीकडचा त्रास. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही. यावर माझ्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती: पावाचा मऊ गर पाइपात बोटाने कोंबायचा. तो दहा मिनिटं थेंब अडवतो, तेवढ्यात सांधा होतो. नंतर पाणी सोडलं की पाव विरघळून जातो. फक्त पुढच्या नळाची जाळी आधी काढून ठेवा. कवच घालू नका, गरच.

जाळीवरून आठवलं. जीआयला हात लावला की आतला गंज सुटतो. जोडकाम झाल्यावर नवीन मिक्सर (गरम-थंड पाण्याचा नळ) किंवा शॉवर बसवायच्या आधी लाईनचं तोंड बादलीत सोडून पाच मिनिटं पाणी जाऊ द्या. लाल पाणी, मग खपल्या, मग स्वच्छ. हे न केल्याने नवेकोरे मिक्सर पहिल्याच दिवशी जाम झालेले आहेत.

गिझर. गिझरच्या तोंडाला सीपीव्हीसी सरळ लावू नका. सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंतचा म्हणून ओळखला जातो, पण तो जितका गरम तितका अशक्त: 82 अंशांना त्याची ताकद थंड पाण्याच्या पाव हिश्श्यावर येते. थर्मोस्टॅट बिघडला तर गिझरचं तोंड त्याहून तापतं. पहिला टप्पा धातूचा, जाळीची कनेक्शन नळी किंवा जीआयचा तुकडा, मग सीपीव्हीसी. शिवाय गरम पाण्याने सीपीव्हीसी वाढतो. 4 मीटरची सरळ लाईन पाणी 35 अंशांनी तापलं की साधारण 9 मिमी लांबते, जीआय त्याच हिशेबात 2 मिमीही नाही. दोघांचा सांधा भिंतीत सिमेंटने आवळून टाकला तर दर आंघोळीला तो सांधा ढकलला-ओढला जातो. सांध्याजवळ एक वळण द्या आणि पाइपाभोवती फोमची गुंडाळी करून मगच गिलावा करा. गिझरची नळी तांब्याची असेल तर ती जीआयला थेट भिडवू नका. मध्ये पितळेची फिटिंग असू दे, नाहीतर जीआयचं जस्त आधी खाल्लं जातं.

गिझरच्याच निमित्ताने एक धोक्याची गोष्ट. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग कित्येकदा जीआयच्या पाण्याच्या पाइपाला बांधलेलं असतं. तुमच्या अंगणात एचडीपीई आला तेव्हाच तो रस्ता तुटला असण्याची शक्यता आहे, कारण प्लास्टिकमधून अर्थिंग जात नाही. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात का, ते विचारा घरात. येत नसल्या तरी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि नवीन सांधे करायच्या आधी. हे काम प्लंबरचं नाही, माझंही नाही.

तुमचे अमेरिकेतले मेव्हणे स्वयंपाकघरासाठी तिथला नळ घेऊन येणार आहेत असं लिहिलंय. त्यांना थांबवा. तिकडचे आटे वेगळे. अर्धा आणि पाऊण इंचात दर इंचाला 14 आटे दोन्हीकडे असल्याने नळ आपल्या सॉकेटमध्ये तीन-चार वेढे मुकाट जातो, पण आट्यांचा कोन त्यांचा 60 अंश, आपला 55. बसल्यासारखा वाटतो आणि पाझरतो. आणायचाच असेल तर त्या आट्यांवरून आपल्या आट्यांवर आणणारं पितळी अडॅप्टरही तिथूनच आणायला सांगा. साताऱ्यात ते शोधत फिराल.

काम झाल्यावर भिंत बुजवायच्या आधी चाचणी. सगळी तोंडं एंड प्लगने बंद करा, हातपंपाने पाण्याचा दाब द्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी, आणि तासभर काटा बघत चहा प्या. काटा हलला तर सांधा शोधा. कंप्रेसरची हवा भरून चाचणी कुणी सुचवली तर नको म्हणा. पाण्याने फुटलेला प्लास्टिक पाइप भिजवतो, हवेने फुटलेला उडतो.

शेवटी सिंकखालचा तो जीआय निपल. जुनी फिटिंग सोडवताना एकाच पान्ह्याने जोर लावू देऊ नका. एक पान्हा भिंतीतल्या सॉकेटवर उलटा धरायचा, दुसऱ्याने सोडवायचं. नाहीतर आपण बाहेरचं सोडवतो आणि भिंतीत दोन फुटांवरचा दुसराच सांधा सैल होतो. आटे पाडताना वरचं जस्त कापलं जातं, त्यामुळे जीआय नेहमी आट्यांपाशीच आधी सडतो. निपल पान्ह्याखाली चुरला, किंवा आट्यांचा तुकडा सॉकेटमध्येच तुटून राहिला, तर करवतीच्या पात्याने आतून एक चीर पाडून छिन्नीने तो तुकडा काढता येतो. पण तसं झालं तर मी पुढे जाणार नाही. ती लाईन तिथेच प्लग मारून सोडून देईन आणि अंगणातल्या एचडीपीईपासून सिंकपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी भिंतीवरून उघडा नेईन. बाहेरच्या उन्हातल्या भागाला पाण्यात मिसळणारा रंग मारायचा, ऑइलपेंट नाही. उघडा पाइप दिसायला बरा नाही, तुमच्या घरी यावरून वाद होईल हे मला माहीत आहे. ओट्याखालून नेला तर फक्त चार फूट दिसेल, तेवढ्यावर तडजोड करा.